‘अजून गोड’ म्हणणारे बस्त्याव सर

बस्त्याव सरांच्या घरी कुणी गेलं की ते चहा घेणार की कॉफी असं कधीच विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "कुठलं देऊ?"

आणि हे पाण्याबद्दल असायचं! नवीन माणूस गोंधळायचाच. पाणी म्हणजे पाणी, त्यात कुठलं काय? पण सरांच्या ओटीवर शाळेने मोडीत काढलेलं एक लांब बाकडं होतं, आणि त्यावर ओळीने भांडी मांडलेली असायची. एकात तुरटी फिरवून निवळलेलं. एकात उकळून गार केलेलं. मग तो दोन मजली स्टीलचा फिल्टर, आत पांढऱ्या कँडल्स. त्याच्या बाजूला एकावर एक ठेवलेली मडकी, वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, खालच्यात गाळून आलेलं पाणी. शेवटी ब्लीचिंग पावडरचं पाणी घातलेली बरणी, तिला दवाखान्याचा वास. आणि या सगळ्यांपासून लांब, उंबऱ्याजवळ तिवईवर, एक छोटं काळं मडकं. ते फक्त सरांचं. त्यात त्यांच्या विहिरीचं पाणी, काहीही न करता, जसंच्या तसं.

आमच्या ऑफिसात परवा फिल्टर आणायचा ठरला आणि असलं भांडण लागलं ना! एक म्हणतोय उकळलेलंच बरं, दुसरा म्हणतोय नुसती तुरटी बास, तिसऱ्याच्या साल्याकडे कसलंसं मशीन आहे, त्याने म्हणे सगळं जातं. माझ्या डोक्यात मात्र सरांचा आवाज सुरू झाला होता. "सगळं म्हणू नका. काय काय जातं ते म्हणा."

तेव्हापासून सर डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले.

आम्ही तेव्हा वसईला चाळीत राहायचो, सरांच्या वाडीला लागूनच. चाळीतले सगळे आमच्यासारखे बाहेरून आलेले, घाटावरचे नाहीतर कोकणातले. सर तिथलेच, पिढ्यान् पिढ्या. वाडीत केळी, पानवेल, कुंपणाला मोगरा आणि मधोमध विहीर, दगडी काठाची. त्या विहिरीला मान होता. गावात कुठल्याही ख्रिस्ती घरी लग्न असलं की आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून, डोक्यावर फुलं बांधलेल्या कळश्या घेऊन पाणी भरायला तिथेच यायच्या. त्या पाण्याने दुसऱ्या दिवशी नवरा नाहीतर नवरी आंघोळ करणार. आम्ही चाळीतली पोरं कुंपणावर चढून बघायचो आणि खाली उतरून बँडमागून नाचायचोसुद्धा.

सर उंच आणि जरा वाकलेले. पांढरा बुशशर्ट, खिशात खडूचा तुकडा, रविवारीसुद्धा. शाळेत सायन्स शिकवायचे, अगदी पुस्तकी मराठीत. घरी बायकोशी बोलताना मात्र त्यांची घरची बोली, ती आम्हाला अर्धीमुर्धीच कळायची. कुणाच्याही लग्नात जेवायला बसले की पहिला प्रश्न आचाऱ्याला, पाणी कुठलं आणलं? लोक हसायचे. फादरांनी एकदा चर्चच्या दारात सगळ्यांसमोर चिडवलं होतं की सर, निदान देवळातलं आशीर्वादाचं पाणी तरी सोडा. सर शांतपणे म्हणाले, "आशीर्वाद राहू दे फादर. फक्त त्याआधी उकळा."

आठवीत त्यांनी आम्हाला जे करून दाखवलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. टेबलावर दोन ग्लास. एकात गढूळ, चहासारखं पाणी. दुसऱ्यात इतकं स्वच्छ की ग्लास रिकामा वाटावा. विचारलं, तहान लागलीय, कुठलं प्याल? सगळा वर्ग ओरडला, दुसरं! सरांनी मान हलवली. म्हणाले, पहिल्यात वाडीतली माती आहे, कापडाने गाळा, उकळा आणि प्या. दुसऱ्यात मी मघाशी गटाराचा एक थेंब टाकलाय.

पुढच्या बाकावरची पोरं ग्लासापासून मागे सरकली.

"डोळ्यांनी पाणी पिऊ नका," सर म्हणाले. मग फळ्याकडे वळून रोजचं सुरू केलं. आधी शत्रू ओळखा, मग हत्यार उचला. माती असेल तर तुरटी. जंतू असतील तर उकळी, नाहीतर ब्लीचिंग. वास असेल तर कोळसा. उकळीला माती दिसत नाही आणि गाळणीला सगळे जंतू दिसत नाहीत. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर, आणि मीठ असेल तर?

सर वळले. खडू खिशात ठेवला.

"मीठ यातल्या कशानेच जात नाही. म्हणून ते येऊच द्यायचं नाही."

मग त्यांनी सांगितलं की आपण समुद्राच्या काठावर राहतो, जमिनीच्या पोटात खाली खारं पाणी आहे आणि त्यावर पावसाचं गोडं पाणी साईसारखं बसलंय. वरचं हळूहळू काढलं तर पुढचा पाऊस भरून देतो. भसाभसा ओढलं की खालचं उठून वर येतं. इतकं साधं! परीक्षेला हे आलं नाही कधी, पण मला पाठ आहे.

मुंबईहून एकदा एक फिल्टरवाला आला होता, टाय बांधून, बॅगेत मशीन. त्याने नीळ टाकलेलं पाणी वरून ओतलं, खालून पांढरं काढून दाखवलं, आणि म्हणाला, सर, सगळं जातं, हंड्रेड पर्सेंट. सर उठून आत गेले, तांब्या घेऊन आले. हे घाला म्हणाले. त्याने घातलं. खाली आलेलं पाणी सरांनी त्याच्याच हातात दिलं. त्याने घोट घेतला आणि त्याचं तोंड असं झालं! तांब्यात सरांनी मूठभर मीठ विरघळवलं होतं. आम्ही खिदळलो, पण सर नाही हसले. तेव्हाच ते म्हणाले होते, सगळं म्हणू नका, काय काय जातं ते म्हणा. मग त्याला जेवायला बसवलं, सुरमईची तुकडी वाढली, आणि फिल्टरसाठी दोन कँडल्स घेतल्या. बिचारा जाताना सरांच्या पाया पडला.

पण चाळीसाठी सर म्हणजे कोण, ते आम्हाला दादाच्या काविळीत कळलं.

माझा दादा पिवळाधमक पडला. मग बाजूच्या खोलीतली मुलगी, मग अजून एक. आई रडायची आणि परत परत एकच म्हणायची की मी तर तुरटी फिरवते, दुहेरी फडक्यातून गाळते, माझं पाणी काचेसारखं असतं. सर कुणी न बोलावता आले. आईचा हंडा बघितला, स्वच्छ ठेवलाय म्हणाले. मग चाळीची विहीर बघायला गेले, आणि विहिरीपासून चार पावलांवर संडासाचा खड्डा होता तिथे बराच वेळ उभे राहिले. परत येऊन हळू बोलले, "वहिनी, तुरटीने गाळ खाली बसतो. काविळीचा जंतू नाही बसत." आईने विचारलं, तुमच्यासारखा फिल्टर घेऊ का? तर म्हणाले की कँडल मोठ्या जंतूंना अडवते, हा इतका बारीक आहे की तिच्यातून निघून जातो. खळखळ उकळा, चांगलं उकळू द्या. आणि या विहिरीचं आता पिऊच नका, माझ्या विहिरीचं न्या.

चाळीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. परक्याच्या वाडीत, तेही त्यांच्या लग्नाच्या मानाच्या विहिरीवर, रोज घागरी घेऊन जायचं?

"न्या," सर म्हणाले. "त्या पाण्याची जबाबदारी माझी."

त्या दिवसापासून सगळी चाळ सरांच्या विहिरीवर. आमच्या शेजारी शिंदेकाका होते, त्यांना ब्लडप्रेशर. पाय सुजायचे, डॉक्टरांनी मीठ एकदम बंद केलेलं, अळणी भाजी बघून ते रोज काकूंवर चिडायचे. काका सरांना गमतीत म्हणायचे की माझ्या नशिबात आता एवढीच एक चवीची गोष्ट राहिली, तुमचं पाणी.

सर सकाळी वाडीत पानवेलीला पाणी घालून आले की चहाच्या आधी त्या काळ्या मडक्यातलं पाणी घ्यायचे. पायरीवर बसून, डोळे मिटून, एक घोट. तोंडात घोळवायचे. मग म्हणायचे, "अजून गोड."

असं का म्हणायचे, तर तेव्हा आजूबाजूच्या वाड्यांमध्ये विहिरींवर पंपाच्या मोटारी बसल्या होत्या. नालासोपारा, विरार, सगळीकडे बिल्डिंगा उठत होत्या आणि त्यांना पाणी पाहिजे होतं. टँकर यायचे, पाइप सोडायचे, दिवसभर मोटारीची घरघर. सरांकडेही माणसं पाणी विकत मागायला येऊन गेली. सरांनी मोटार बसवलीच नाही, रहाटाने आणि हाताने जेवढं निघेल तेवढंच. शेजारचे वाडीवाले त्यांना तोंडावर हसायचे, मास्तर पाण्यावर पाळत ठेवतो म्हणायचे. सर कुणाशी भांडले नाहीत. रोज सकाळी तेवढं म्हणायचे, अजून गोड. आम्ही शाळेला जाताना कुंपणाबाहेरून ओरडायचो, "सर, आज?" आणि ते हात वर करायचे, अजून गोड!

नातालीनबाय म्हणजे सरांची बायको. ठेंगणी, कमी बोलणारी, केसात अबोलीचं फूल. सर पाण्यावर बोलायला लागले की ती माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. "बाय, तुजं सर लग्नाच्या रात्रीसुद्धा मला पान्याचं सांगत होतं," असं एकदा म्हणाली होती, आणि सर चक्क लाजले होते. सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोर ओढायला मनाई केली, तेव्हापासून विहिरीतून पाणी काढायचं काम तिच्याकडे आलं. काळं मडकंही तीच भरायची.

त्याच वर्षी कधीतरी आमच्या घरी डाळ शिजेनाशी झाली. आई सोडा टाकायची, तरी दाणे टचटचीत. कपड्यांना साबण लावला की फेस येईना. पाण्याला चव म्हणाल तर आम्हाला काहीच कळत नव्हतं, रोज पीत होतो ना. सगळ्या बायका आपापसात कुजबुजायच्या. एकदा आई विहिरीवर नातालीनबायला काहीतरी विचारायला लागली, तर तिने आईचा हात धरला आणि नुसती मान हलवली. आई घरी आली आणि आम्हाला म्हणाली, सरांसमोर डाळीचं बोलायचं नाही. मला तेव्हा काही अर्थ लागला नाही. सरांच्या केळीच्या पानांच्या कडा करपत होत्या. सर म्हणायचे, रोग पडलाय.

मग त्यांच्या मुलाचं लग्न आलं. एकुलता एक, मायकल.

आदल्या संध्याकाळी सगळं गाव वाडीत. मांडव, पताका, बँडवाले घामाघूम. सरांनी पहिल्यांदाच सूट घातला होता, खिशात खडू नव्हता म्हणून हात सारखा खिशाकडे जात होता. त्यांची मोठी बहीण, आत्याबाय, उत्तनला दिलेली, गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत माहेरी आली नव्हती. त्या घरची रीत अशी की लग्नाच्या पाण्याची पहिली कळशी घरातल्या लेकीने काढायची, आणि तिनेच आधी ओंजळभर पिऊन मग बाकीच्यांच्या कळश्या भरू द्यायच्या.

नातालीनबाय सारखी म्हणत होती की ताईंचे गुडघे दुखतात, मी काढते, राहू दे यंदा. आत्याबाय ऐकते होय! लाल लुगडं सावरत विहिरीवर गेली, दोघींनी दोर ओढला, कळशी वर आली. बँड जोरात. तिने ओंजळ भरली, तोंडाला लावली.

आणि थांबली. परत एक घोट घेतला. बँडवाल्यांना वाटलं म्हातारीला ठसका लागला, ते आपोआप गप्प झाले.

"बस्त्याव," ती म्हणाली, "आपलं पानी खारं झालंय."

सर हसले. खरंच हसले. म्हणाले, प्रवासाने तोंडाची चव गेली असेल, आज सकाळीच मी प्यायलोय. आत्याबायने कळशी पुढे केली. सरांनी ओंजळ धरली, डोळे मिटले, तोंडात पाणी घोळवलं. सगळी वाडी त्यांच्याकडे बघत होती. खूप वेळ त्यांनी डोळे उघडलेच नाहीत.

मग नातालीनबायकडे बघून त्यांनी विचारलं, "माझ्या मडक्यात कुठलं असतं?"

ती पदराचं टोक पिळत होती. मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं. रोज पहाटे ती चर्चला मिस्साच्या प्रार्थनेला जायची ना, तर येताना चर्चमागच्या विहिरीचं पाणी कळशीत घेऊन यायची, आणि सर पानवेलीत असतानाच काळं मडकं भरून ठेवायची, उरलेलं घरच्या चहा-स्वयंपाकाला. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून.

"तुमी नाय विकलंत," ती म्हणाली. "पन पान्याला काय ठाव कुनाची हद्द कुठे. ते सगल्यांनी ओढलं, तुमचंबी गेलं. ते तुमाला कसं सांगू मी? तुमी रोज सकाली तेवढं एक बोलून उठत होता."

बँडवाल्याने तुतारी काखेत धरली होती. मला वाटलं सर आता चिडणार, नाहीतर रडणार, नाहीतर काठावर बसतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी चाळीच्या बायकांकडे वळून विचारलं, "शिंदेंना कुणी सांगितलं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. काकूंना माहीत होतं, पण काकांची ती एक चवीची गोष्ट काढून घ्यायचं त्यांच्याने होत नव्हतं.

सर तसेच निघाले. सुटात, मांडवातून, पताकांखालून, कुंपणाच्या फटीतून चाळीत. आम्ही सगळे मागे. शिंदेकाका खाटेवर पाय वर करून पडले होते. सर दारातच उभे राहिले, आत गेले नाहीत. शाळेत बोलायचे त्याच मराठीत, पण आवाज बारीक झालेला.

"शिंदे, माझ्या विहिरीचं पाणी पिऊ नका. खारं झालंय. तुम्हाला ते चालणार नाही. उकळून जाणार नाही, गाळून जाणार नाही. मी जबाबदारी घेतली होती आणि मला कळलंच नाही."

काका उठून बसले. म्हणाले, अहो सर, पोराचं लग्न आहे, जा तिकडे. सरांनी मान डोलावली, पण गेले नाहीत. चाळीच्या प्रत्येक दाराशी थांबले आणि प्रत्येक दाराशी तेच सांगितलं. काही बायकांनी तोंडावर पदर घेतला, कारण त्यांना ते आधीपासून माहीत होतं, आणि आता सरांकडून ऐकून घ्यावं लागत होतं.

मायकलला दुसऱ्या दिवशी चर्चमागच्या विहिरीच्या पाण्याने आंघोळ घातली. कळशी नातालीनबायने आणली. आता लपवायची गरज नव्हती. बँड लागला नाही.

नंतर सरांनी हार मानली असं नाही हां. शाळेच्या लॅबमधली ती लांब मानेची काचेची बाटली आणि नळी घरी आणली, स्टोव्हवर विहिरीचं पाणी उकळत ठेवलं आणि वाफ गार करून परत थेंब थेंब गोळा केलं. त्याने मीठ जातं, हे त्यांनी आम्हाला शिकवलेलंच होतं. सकाळपासून दुपारपर्यंत बसले. एक कप निघालं. रॉकेल संपलं. तो कप त्यांनी उन्हात धरला, प्यायले, आणि नातालीनबायकडे दिला. तीही प्यायली. "गोड हाय," म्हणाली. सर म्हणाले की गोडही नाही, नुसतं पाणी आहे, आणि ती बाटली दुसऱ्या दिवशी शाळेत परत नेऊन दिली.

चाळ हळूहळू नळाच्या पाण्याला लागली. ओटीवरची भांडीही एकेक करून कमी झाली, कोळशाची मडकी फुटली ती परत मांडली नाहीत. कुणी पाण्याचं विचारायला आलं तर सर अजून सगळं नीट समजावून सांगायचे. शेवटी एक वाक्य मात्र नवीन लागलं होतं. "आणि अधूनमधून बाहेरच्या माणसाला चव घ्यायला सांगा."

मग आम्ही विरारला फ्लॅटमध्ये गेलो. मी बारावी झाले, टायपिंग झालं, नोकरी लागली, आणि पेढे द्यायला म्हणून सरांकडे गेले. पाऊस नुकताच संपला होता. वाडीत केळी राहिली नव्हती, पानवेल गेली होती, मोगरा तेवढा कुंपणाला होता. शेजारच्या वाडीच्या जागी बिल्डिंग. मोटारींची घरघर बंद, कारण त्यांच्याही विहिरी खाऱ्या झालेल्या, टँकर पुढे कुठेतरी चांदीप गावाकडे जायला लागले होते.

सर रिटायर झाले होते. ओटीवर नव्हते. मी मागे गेले तर विहिरीवर होते, स्वतः दोर ओढत, हळूहळू, मध्ये थांबत. डॉक्टरांनी मनाई केलेली तरी. बादली वर आली. त्यांनी ओंजळ भरून घेतली आणि डोळे मिटले. नातालीनबाय मागच्या दारात उभी होती, तिने मला बोटाने गप्प राहायची खूण केली.

सरांनी घोट तोंडात घोळवला, गिळला. राहिलेलं पाणी मोगऱ्याला नाही घातलं. बादली तिरपी करून परत विहिरीत सोडलं, सावकाश, आवाज न करता, वरची साय मोडू नये तसं.

मग त्यांना मी दिसले. मला राहवलंच नाही, कुंपणाबाहेरून विचारायचो तसं तोंडातून निघून गेलं. "सर, आज?"

त्यांनी हात वर केला. तसाच, पहिल्यासारखा.

"अजून खारं," म्हणाले. आणि दोर रहाटाला नीट गुंडाळून ठेवला, उद्यासाठी.